लाल म्हंजे किती हात

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर विहिरींचा तक्ता लागला,
निळ्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल.
सगळे म्हणाले, लाल झालं.
डोमाजी काठी टेकवून उभे:
"लाल म्हंजे किती हात, पोरी?"

मला सांगता येईना.

रात्री फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, खळ शिजवली.
हाताला एक ज्वारीचा दाणा, दोन दाण्यांत दोन बोटं,
वरच्या काठाला सुतळी. ती जमीन.

सकाळी त्यांची बोटं सुतळीवरून निघाली,
पौषात जराशी उतरली,
फागुनात कंबर वाकली,
चैतात ते उकिडवेच बसले.
"हं. दोर असाच लागे."

वैशाखात बोटं सुतळीशीच थांबली.
"इथं त काईच नाही.
काठोकाठ भरली काय विहीर?"

वाकून पाहिलं.
मुंग्यांनी वैशाख नेला होता.

ते हसले नाहीत.
"नसलेलं अन् भरलेलं
बोटाले सारखंच लागते, पोरी."

खळीत कडुनिंब वाटून
वैशाखाचे एकवीस दाणे पुन्हा लावले.
जेठाचं माप अजून कोणी घेतलं नाही.
तिथं सुतळीखाली
एक चिंचोका.