निधान

दुकानात शिरलो तेव्हा मला मोठंच हवं होतं.
बावीस इंची पात, भिंतीवर टांगलेली,
नारिंगी, जत्रेतल्या वाघासारखी.
अडवेप्पानं आधी माझ्या खांद्यांकडे पाहिलं,
मग विचारलं, झाड केवढं?

अकेशिया, म्हटलं. वाऱ्यानं तीन पाडलेत, दोन वाकवलेत.
मांडीएवढे. एखादा कमरेएवढा.
आणि काजूच्या वाळक्या फांद्या.
वर्षातनं किती दिवस?
मी बोटं मोजली. एका हातात संपली.

त्यानं सोळा इंची काढलं,
बंद, कोरडं, माझ्या हातात दिलं:
पाच मिनिटं धरून उभं राहा बघू.
खानापूरची बस गेली. चहावाला आला, कप उचलून गेला.
चौथ्या मिनिटाला मनगट खरं बोलायला लागलं.
मग मी वाघाकडे पाहिलं नाही.

जाळीचं हेल्मेट, कानांवरचे डबे, बूट,
आणि ती जाड पँट, जिच्या किमतीवर मी हुज्जत घातली.
अडवेप्पानं दाराआडची एक फाटकी दाखवली,
गुडघ्यावर पांढरे धागे, सावरीसारखे बाहेर आलेले.
याच धाग्यांत साखळी गुंतून थांबली, म्हणाला.
ज्याची होती तो अजून दोन्ही पायांनी सायकल मारतो.
मी पैसे मोजले.

जांबोटीच्या वरच्या रानात शट्टुप्पा सुतार आला शिकवायला.
वीस वर्षं लोंढ्याच्या सॉ मिलमध्ये घालवलेला माणूस,
तोंडात अर्धी कन्नड, अर्धा भुसा.
जमिनीवर ठेव. पाय मागच्या मुठीत. आता दोरी ओढ.
डावा अंगठा खालनं, मिठी मारल्यागत.
पातीचं टोक कशाला म्हणजे कशालाच लावायचं नाही,
तिथनं ती उलटून तोंडावर येते,
पाहुण्यागत निरोप देऊन येत नाही.
खांद्याच्या वर करवत नाही.
शिडीवर चढायचं तर कौलं शाकारायला चढ.
प्रत्येक वाक्यामागं एकच शब्द: निधान.

निधान म्हणजे त्यांच्यात सावकाश.
आमच्यात ठेवा. पुरलेलं धन.
मी हसलो, तो नाही.

पडलेलं झाडही मेलेलं नसतं हे त्या दिवशी कळलं.
कुठं दाबलेलं, कुठं ताणलेलं,
एका फांदीवर सगळं अंग टाकून रुसलेलं.
ती फांदी आधी कापली तर ते कूस बदलतं,
आणि आपण त्याच कुशीला उभे असतो.
तिन्ही ओंडके करीस्तोवर ऊन डोक्यावर आलं.

चौथ्याला त्यानं आधी माझी पळायची वाट साफ करायला लावली,
मागं तिरपी, वीस पावलं.
वेली, दगड, माझाच जेवणाचा डबा.
खाच घेतली, मागून काप,
मधे दोन बोटं लाकूड राखलं. तीच बिजागरी.
झाड दार उघडावं तसं गेलं.

पाचवं फणसात अडकलं.
अर्धं पडलेलं, अर्धं आभाळात,
वारा नसताना करकरत.
माझ्या हातात ताकद होती, टाकीत पेट्रोल होतं,
उजेड तासभर बाकी होता.
खालनं एक काप मारला तर
येईल की सुटून, मी म्हटलं.

शट्टुप्पानं हात लांब करून माझंच मशीन बंद केलं.
त्या शांततेत आधी एक भारद्वाज ऐकू आला,
मग माझा श्वास.
त्यानं बुंध्याभोवती लांबवर दोरी फिरवली,
तिला माझा लाल गमछा बांधला,
उद्या ओमाण्णाचा ट्रॅक्टर नि साखळदंड आणू म्हणाला,
आणि मागं न बघता उतरायला लागला.

रात्री ओट्यावर बल्बखाली मी कानस चालवत बसलो,
एकेक दात, सगळ्यांना सारखे घासे.
हाताला अजून मुंग्या.
आतून रुक्मव्वा म्हणाली,
ते डोक्यावरचं काढा आता, जेवायला बसायचंय.

वर रानात ते झाड तसंच लटकून होतं.
मला इथनं त्याची करकर ऐकू येत होती,
किंवा येत नव्हती.
भाकरी मोडली. निधान.