शेवटचा आकडा

बुटीबोरीच्या यार्डात आता
क्रेनवरचे कॅमेरेच वाचतात डब्यांचे नंबर.
डोमाजी निखारेच्या खिशात
खडू अजून आहे.

मे महिना. पारा शेहेचाळीस.
एका डब्याचा शेवटचा आकडा
उन्हानं सोलून नेला
आणि पडद्यावर तो डबा
कुठंच नाही.

"धुंडाचं काय त्यात, साहेब?
सातव्या रांगेत, खालचा.
त्याच्या सावलीत, गिट्टीवर,
टिटवीची चार अंडी आयेत.
म्हणून त म्या क्रेन तिकडं येऊ नाही देल्ली."

अक्षरांनाही किंमत असते, ती त्याला पाठ.
तापल्या पत्र्यावरच हिशेब मांडून
दहांवरून त्यानं अकरावा काढला,
लिहिला : सहा.

पडद्यावर हिरवा ठिपका.
लगेच हुकूम, उचला.

वर टिटवी ओरडतेय,
आणि डोमाजीचा अंगठा
त्या सहावर.