जागल

ताप उतरून एकवीस दिवस झाले.
छाती साफ. वडशाच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला,
म्हणाल्या, कुठे काही नाही,
धुतलेल्या सुपासारख्या आहेत बरगड्या.

मी प्रॉम्प्टर आहे, बाई.
झाडीपट्टीत बारा हंगाम
विंगेत उकिडवा बसून, अंगावर पोतं घेऊन
मी राजांना त्यांचे हुकूम सांगितले,
सासवांना शिव्या,
मरणाऱ्यांना शेवटचं वाक्य.
मांडीवर पुस्तक असायचं ते नुसतं शोभेला.

आणि परवा कोंढाळ्याच्या मंडईत
दुसऱ्या अंकात हेमलता उभी, हात वर,
डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघतेय.
ओळ माझ्या बोटाखालीच होती.
अक्षरं होती, काळी होती,
एकेक वाचताही येत होतं,
पण एकाला दुसरं धरत नव्हतं.
पेंडी उचलावी आणि बंध सुटून
धान पायावर सांडावं, तसं.
ऑर्गनवाल्याने तोच सूर दोनदा फिरवला.
लोकांना वाटलं, ती रडू आवरतेय.
टाळ्या पडल्या.

बाईंनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं.
मेंदूत राखणदार पेशी असतात, म्हणाल्या. मायक्रोग्लिया.
बारीक फांद्या पसरून
बसल्या जागी आजूबाजू चाचपत राहतात,
हा धागा ठेवायचा, तो खुडायचा.
तुमचा विषाणू तिथवर बहुधा गेलाच नाही.
छातीत आला, छातीतच मेला.
वर गेली ती बोंब, रक्तातून.
बोंब ऐकून त्यांनी फांद्या आखडल्या, फुगल्या,
आणि कामाचे धागेही खुडत सुटल्या.

"म्हणजे डुक्कर छातीत होतं,
अन् डबा डोक्यात वाजून रायला?"

हसल्या. मग पेन बंद करत म्हणाल्या,
हे उंदरांत पाहिलंय हं. तुमच्या डोक्यात कोण डोकावलंय?
झोप घ्या. बहुतेक ओसरेल.
तो "बहुतेक" मी सायकलवरून घरी आणला.

रात्री तानबाच्या मचाणीवर गेलो.
भाऊ माझा. धान निघालं की लाखोळीत जागलीला असतो.
डालड्याचा डबा, आत नटबोल्ट,
सुतळी पायाच्या अंगठ्याला बांधलेली.
झोपेतही अंगठा हलतो.
डुकरं कधीच वैनगंगेपल्याड गेली,
गार्ड सांगून गेला, पोलीस पाटील सांगून गेला,
तरी सगळी रात्र खडखड.
वाजलं की हा उठतो, टॉर्च घेऊन धावतो,
आणि लाखोळीत याच्याच पायांनी
एक वाट पडलीय, पांढरी,
डुकरांनी केली नसती एवढी रुंद.

"तानबा, गेले ना बे ते. झोप ना आता."

"गेले हे तुले मालूम. मले मालूम.
या अंगठ्याले कोन सांगन?"

मी त्याच्या बाजूला बसलो. घोंगडी अर्धी अर्धी.
त्याच्या पोरींची नावं मला आठवत नव्हती.
माझ्याच हातून पेढे वाटले होते दोघींचे.
सख्ख्या भावाला हे विचारायचं कसं?
म्हणून म्हटलं, "पोरगी काय म्हनते?"

"कोनती? सुगंधा का बारकी?"

सुगंधा.
एक मिळालं.
दुसऱ्यासाठी मी थांबलो,
विंगेकडे बघतात तसा,
डोळ्यांच्या कोपऱ्यातून.

डबा वाजला.
शेतात कोणी नव्हतं.