शिल्लक नाही

शिक्का मी स्वतःच करून आणला,
रविवार पेठेतून, ऐंशी रुपयांत.
पावती लावली नाही, कारण दवाखान्याच्या खर्चात
'शिक्का' असं शीर्षकच नाही.
शब्द तीनच: औषध शिल्लक नाही.
हातानं लिहून लिहून अंगठ्याचा सांधा धरायला लागला होता.

काशेवाडीचा दवाखाना, खिडकी नंबर दोन.
माझ्या डोक्यावर फलक आहे, निळ्यावर पांढरा:
'औषधावाचून एकही नागरिक परत जाणार नाही.'
रांगेला फलक दिसतो.
मला रांग दिसते.

सरूबाई आडागळे मंगळवारी येतात, शुगरच्या गोळ्यांना.
सॅलिसबरी पार्कातल्या अकरा इमारतींचा कचरा
सकाळी सहापासून वेगळा करतात,
ओला, सुका,
आणि कुणी कागदात गुंडाळायचे कष्ट घेतलेले नसतात ते.
हातमोज्याची दोन बोटं गेलेली.
केसपेपर मात्र दुहेरी पिशवीत, कोरडा ठणठणीत.
त्यावर माझे चार शिक्के.
जानेवारी. फेब्रुवारी. फेब्रुवारी. मार्च.
"ताई, तुमचं अक्षर लई सुबक,"
म्हणाल्या होत्या एकदा शिक्क्यावरून बोट फिरवत.
मी काही बोलले नाही.

मागणीपत्र मी पाठवते. खरंच पाठवते, तीन प्रतींत.
वरून उत्तर येतं: दरकरार प्रक्रियेत आहे.
पुन्हा पाठवते. दरकरार अंतिम टप्प्यात आहे.
तिसऱ्यांदा विचारणा येते,
आधीची दोन पत्रं कोणत्या जावक क्रमांकानं पाठवली
ते उलट टपाली कळवावे.
साहेब वाईट नाहीत.
साहेबांच्या वर एक साहेब आहेत
आणि त्यांच्या वर पंखा.

गेल्या मंगळवारी सरूबाईंनी केसपेपर काढलाच नाही.
खिडकीच्या भोकातून एक पिशवी आत सारली.
आत पट्ट्या. अर्ध्या, पाऊण, एक तर अख्खी,
रंगारंगानं लावून दोऱ्यानं बांधलेल्या गड्ड्या.
"बी बिल्डिंगमधलं म्हातारं गेलं.
त्याचं समदं कपाट खाली आलं, सुक्यात.
तारखा नातीकडनं वाचून घेतल्यात,
उलटलेल्या टाकल्या.
तुमच्याकडं नसत्यात ना?
माझ्यापुरत्या काढून ठिवल्यात,
ऱ्हायलेल्या रांगंला वाटा."

मी नियम सांगितला.
बॅच, साठवणीचं तापमान,
उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण.
त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांचंही सांगितलं, आधी डॉक्टरांना दाखवा म्हणून.
त्या ऐकत राहिल्या,
लेकरू पाढे म्हणताना ऐकावं तशा.
मग म्हणाल्या,
"बरं, तर सरकारला तसं कळवा.
आडागळेबाईनं दिल्यात म्हणावं. नाव घाला माझं."

साठा नोंदवहीत 'आवक'खाली रकाना आहे: पुरवठादार.
पेनाचं टोपण काढलं मी.
अ च्या जागी नुसता एक ठिपका पडला,
तेवढाच.
तोवर त्या निघूनही गेल्या होत्या,
दुपारी गाडी येते म्हणे, माल तोलायचा असतो.

पिशवी खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली.
ड्रॉवर पूर्ण बसेना.
मागून बागवानचाचा सरकले पुढं,
तेच दुखणं, तीच पाचशेची गोळी,
तोच चष्मा, एका काडीला सुतळी.
शिक्का पॅडवर दाबला.
उघड्या ड्रॉवरची कड गुडघ्याला लागत होती.
हात तिरका पडला असावा.

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
पुन्हा जवळ.
पहिले दोन शब्द ठळक आले होते,
तिसरा उमटलाच नव्हता.
"औषध शिल्लक," त्यांनी वाचलं,
आणि पांढरी दाढी खिडकीच्या भोकाशी आणून
हळूच विचारलं,
"आहे का बेटी?"