पंखे फिरतायत

पंखे फिरतायत.
म्हणजे वीज पोचतेय, एवढं तरी नक्की.
स्क्रीन मात्र काळी,
आणि मदरबोर्डवर एक तांबडा ठिपका
विडीच्या टोकासारखा, ओढणारा कुणी नसताना पेटलेला.

दुपारपर्यंत चालत होतं सगळं.
मग नवा प्रोसेसर आला, साडेनऊ हजारांचा,
सात महिने टॉवेलच्या डिझाइनी काढून साठवलेले.
जुना मी रविवारीच काढून विकला होता,
तीन दिवस केबिनेट उघडंच होतं,
आईनं त्यावर टॉवेल टाकून ठेवलेला.
नवा बसवला. पेस्ट लावली तांदळाच्या दाण्याएवढी.
बटण दाबलं.
गड्डमशेठना परवा द्यायचे बावीस मोर
आतच कुठंतरी बसून राहिले.

रॅम काढली, पुतणीच्या खोडरबरनं घासली.
एक पट्टी लावून बघितली, मग दुसरी,
मग दुसरीच्या जागी पहिली.
गोल सेल काढून तळहातावर ठेवला, साठ मोजले:
विसर बाबा सगळं, वेळ विसर, मला विसर,
पहिल्यापासून शीक.
नाही.
स्क्रू चटणीच्या बशीत.

एवढ्यात नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी,
रात्री पावणेबाराला. अख्ख्या दत्त नगरात मोटारी लागल्या,
व्होल्टेज बसलं, पंख्यांचा आवाज खाली आला
आणि मी बादल्या भरायला गेलो.

परत येतो तर नायना फरशीवर बसलेले,
डावा कान केबिनेटला लावून.
उजवा एकतीस वर्षांच्या धोट्यानं नेला.
"काय करलालास एवढ्या रात्री?
शेवटी कशाला हात लावलास?"
सगळ्यालाच, म्हटलं.
"मग झालं. आता कुणालाच कळायचं नाही.
एक बदलायचं, बघायचं. मग दुसरं."
थोड्या वेळानं, पाणी पिऊन:
"थांबलाय ते बरंय. धागा तुटूनही चालतो
तो माग वाईट. वारभर कापड नासवतो, मग कळतं."

मोबाइलवर बोर्डाची यादी उघडली, मुंग्यांएवढी अक्षरं.
नव्याचं नाव होतं त्यात,
पण पुढच्या आवृत्तीसमोर. माझा बोर्ड तीन वर्षं मागचा.
बिघडलं काहीच नव्हतं.
ओळख नव्हती, एवढंच.
ओळख करून द्यायची तर स्क्रीन लागायला हवी,
स्क्रीन लागायची तर जुनाच हवा,
आणि जुना आता शिवलीला हत्तुरेकडे, जुळे सोलापुरात,
अठराशे रुपयांत.

साडेबाराला मेसेज टाकला, लाज सोडून.
"जागीच आहे. सकाळी आणते."

सातला आली स्कूटीवर. औषधाच्या डबीत कापूस,
कापसात तो, पिना वर करून.
"अकराला प्रॅक्टिकल आहे माझं, त्याच्या आत द्या."
मग रिकामं खोकं उचलून उलटं केलं:
"ओ दादा, हितं लिहिलंय की. आधी अपडेट करा म्हणून."
लिहिलं होतं. स्टिकरवर. तांबड्यात.

जुना बसला आणि स्क्रीन लगेच उजळली,
जसं काही घडलंच नाही.
अपडेट सुरू. चार टक्के. नऊ.
या वेळात वीज गेली तर बोर्डच मेला,
हे मी मोठ्यानं बोलायला नको होतं.
नायना उठले, बाहेर जाऊन मीटरखाली उभे राहिले
हात मागे बांधून,
जणू वीज जाताना त्यांना विचारून जाईल.
एकसष्टवर अडकलं. आम्ही तिघंही अडकलो.
शेजारच्या कोंड्यालांचा मिक्सर तेवढा चालला.

शंभर.

पुन्हा सगळं उघडलं, पुसलं, नवा ठेवला.
शिवलीलानं पंख्याचे स्क्रू आवळले, तिरपे-तिरपे,
माझ्यापेक्षा नीट.
एक बीप. बारीक.
नायनांना ऐकू आला नाही,
आमच्याकडे बघून त्यांनी ओळखलं.

डबी पर्समध्ये टाकून ती गेली, चहा न घेता.
दहाच्या आत मोर सापडले, सगळे बावीस,
एकाची मान तेवढी मीच आधी चुकवलेली.

बशीत दोन स्क्रू उरलेत, शेंगाचटणी लागलेले.
कुठले, ते अजून कळत नाही.
चालू आहे म्हणून विचारत नाही कुणाला.