एक वीत

चारुशीला म्हणाली, मामा, तुम्ही चोर व्हा.
बत्तीस वर्षं भुसावळच्या वायरलेसवर बसलेल्या माणसाला
याहून मानाचं काम कोण देणार?
टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली
आणि तिसरा अँटेना काखोटीला मारून
सावद्याच्या पुढे, डिगंबर फिरक्यांच्या केळीत शिरलो.

एप्रिल. सकाळचे साडेनऊ, आणि बांध चपलेतून भाजतोय.
या टोकाला चारू, लॅपटॉपवर ओलं फडकं टाकून.
त्या टोकाला, विहिरीच्या मोटारीपाशी, तिचा जोडीदार तौसीफ.
मधे हजारभर खोडं, ठिबकच्या नळ्या,
वाऱ्यानं चिरून चिंध्या झालेली पानं.

इकडून सुटलेली लहर, चारू सांगत होती,
पानांवर आपटते, फुटते,
घडांवरून घसरते, ओल्या मातीवरून उडते,
कधी दमून पोचते, कधी दुणावून.
तिकडून येणारीही त्याच वाटांनी येते,
तेच धक्के खात.
त्या घटकेला दोघांना तोच चढ, तोच उतार.
चढ म्हणजे एक. उतार म्हणजे शून्य.
दोघं आपापल्या जागी लिहून घेतात
आणि दोन्हीकडे एकच किल्ली तयार.

"मग दिली कुणी कुणाला?"
"कुणीच नाही, मामा. वाटेनं ती गेलीच नाही.
वाटेचीच ती झाली."

माझं काम, ती उचलायची.
पन्नास हातांवर बसलो. काही नाही.
वीस हातांवर. काही नाही.
शेवटी तौसीफच्या अँटेनाला खेटून मांडला माझा,
मधे फक्त वीत. अंगठा ते करंगळी, मोजून.
काका, मांडीवरच बसा की, तो म्हणाला.
सिग्नल आला, खणखणीत आला,
पण माझे चढ माझे, माझे उतार माझे.
एकशे अठ्ठावीस खुणांतल्या सदुसष्ट जुळल्या.
मी खूष.
"एवढ्या तर नाणं उडवूनही जुळतात," चारू म्हणाली.

आमच्या वेळी असं नव्हतं.
फ्रिक्वेन्सी लागली की माणूस हातात आला.
एका रात्री दोन ऑपरेटर आपसात बोलले,
घरचं बोलले, साहेबाविषयी बोलले,
आणि मी ते सकाळी चहाच्या टपरीवर बोललो.
महिन्याभरात एकाची बदली झाली, लांब.
बायको आजारी होती त्याची, हेही मी ऐकलं होतं.
ते तेवढं टपरीवर सांगितलं नव्हतं.

चारूला यातलं काही माहीत नाही.
तिनं मला चोर म्हटलं ते प्रयोगापुरतं.

अकराला वारा पडला.
शेवरीचं कुंपणसुद्धा हलेना.
पडद्यावरची रेघ सपाट, नांगर न लागलेल्या शेतासारखी,
आणि किल्लीत नुसती शून्यं, शून्यामागे शून्य.
अशी किल्ली कुणीही ओळखेल, तौसीफ म्हणाला,
काकासुद्धा.

चारू नखं खात बसली.
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
मामा, तो अँटेना राहू द्या चालू. तुम्ही चाला.
कुठे?
केळीत. आमच्या दोघांच्या मधून. कसेही.

चाललो.
गुडघा दुखतो म्हणून एक पाय ओढत,
खोडाला धरत, पान बाजूला सारत,
नळीला अडखळलो, शिवी दिली, परत फिरलो.
बांधावरून डिगंबरराव ओरडले,
"काय भो, केयीत काय हारपलं?"
किल्ली, म्हटलं.
"सापडली का?"

मागे वळून पाहिलं तर चारूचा अंगठा वर,
रेघ पुन्हा धावत होती, खालीवर, खालीवर.
माझ्या अंगावरून जाऊन दोघांना मिळत होतं
ते मला मिळत नव्हतं.

नाही, म्हटलं.
आणि उन्हात आणखी दोन फेऱ्या मारल्या,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.