मे महिन्यातली मात्रा

पत्रक आठ घड्यांचं.
उलगडलं तर अख्खं टेबल झाकतं,
अक्षरं मुंगीच्या पायांएवढी.
मी वाचते, हे चष्मा पुसत राहतात.
तहान. हातांना कंप. थायरॉइड. मूत्रपिंड.
वजन वाढणं दोन्ही गोळ्यांत आहे.
दुसरीनं केसही गळतात,
आणि मुलगी असेल तर म्हणून आणखी एक परिच्छेद,
तो मी मनात वाचला.

हे वैधमापन खात्यात.
कळमन्याच्या बाजारात काटे तपासतात,
वजनाच्या बुडाशी शिसं, शिशावर शिक्का.
बावीस वर्षांत एकाही अडत्याला
पाच ग्रॅमनंही यांना फसवता आलं नाही.
परवा तपासणीच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर
यांनी दोन रकाने आखले.
डावीकडचा भरत गेला.
उजवीकडे एकच शब्द,
झोप.

जानेवारीत ओजूचं तोंड भिंतीकडे.
वेणीतला गुंता शेवटी कात्रीनं सोडवला.
एकदाच बोलली:
आई, गच्चीच्या दाराला कुलूप लाव.

मार्चमध्ये तेच कुलूप कसं उघडलं कोण जाणे,
रात्री अडीचला अख्ख्या बिल्डिंगची गच्ची धुतली,
कानातली सोन्याची फुलं
चौकीदाराच्या मुलीला देऊन आली,
बापाची मोपेड घेऊन अमरावती रोडनं
वाडी नाक्याच्या पार पुढे,
पेट्रोल संपेस्तोवर.
सापडली तेव्हा हसत होती.
इतकी सुंदर हसत होती
की हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

धंतोलीतले डॉक्टर म्हणाले,
शेहेचाळीस अंशांत ही गोळी सुरू करायची
तर पाण्याचा हिशेब ठेवा.
घाम गेला की रक्तात ती चढते.
मीठ तोडू नका. उलट्या झाल्या तर फोन करा,
सकाळची वाट बघू नका.
मग पंख्याकडे बघून म्हणाले,
थंड गावात असता तर एवढं बोललो नसतो.

उमरेडहून भावाचा फोन:
"पोरगी वयात येऊन राहिली, होते असं.
काऊन विष देता वं तिले?"
त्याला काय सांगू,
आदल्या रात्री हेच वाक्य
मी यांना ऐकवलं होतं,
फक्त शुद्ध मराठीत.

पत्रक ओजूनं आमच्या आधीच वाचलेलं.
'कंप' खाली पेन्सिलची रेघ.
जिल्ह्यापर्यंत कॅरम खेळलेली पोर,
बोटांवरच तर सगळं.
जेवता जेवता म्हणाली,
"गोळी घेतली तर काय काय होते,
ते यात सगळं आहे.
नाही घेतली तर काय होते,
त्याचं पत्रक कुठं भेटते?"

हे उठले. कूलरमध्ये पाणी ओतायला लागले.
टाकी भरलेलीच होती.
फरशीवरून पाणी आमच्या पायांपर्यंत आलं
तरी ओतत होते.

आता बाटलीवर मार्करच्या खुणा आहेत,
यांनी आपल्या मापानं मोजून केलेल्या,
छापलेल्या आकड्यांवर विश्वास नाही म्हणून.
रक्त द्यायचं गोळीनंतर बरोबर बारा तासांनी.
पहिला आकडा आला, शून्य पॉइंट सहा.
काटा थांबायची वाट बघावी
तसे हे त्या कागदाकडे बघत बसले.
मी विचारलं, चांगला आहे ना?
म्हणाले, आजचा आहे.

दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी.
बाप-लेक कॅरमवर. बोरिक पावडरचा वास.
राणी गेली, अगदी अलगद.
कव्हरची सोंगटी सोपी होती, समोरची,
स्ट्रायकर केसभर बाजूनं गेला.
बोटं हलली, की नेमच चुकला,
कुणीच विचारलं नाही.
यांनी राणी मध्यभागी परत ठेवली.

तेवढ्यात लाइट गेली.
ओजू उठली, बाटली तोंडाला लावली,
घटाघटा प्यायली.
अंधारलेल्या खोलीत मी
खूण शोधत राहिले.